दादर ते जुन्नर: डोंगरांतील विमान-अपघातांच्या अभ्यास-सहलीचा अनुभव

सह्याद्रीत आणि उष्ण कटिबंधातील इतर डोंगराळ मुलखांत झालेल्या जुन्या विमान-अपघातांवर दादरमधील एक लहान गट पावसाळ्यात दोन दिवसांची अभ्यास-सहल काढतो. शनिवारी संध्याकाळी अडीच तासांचे व्याख्यान, आणि रविवारी पहाटे बसने निघून घाटकोपर, माळशेज घाट व जुन्नरकडचे पठार पाहून रात्री परत, असा तिचा क्रम आहे. नाश्ता, जेवण आणि नकाशाची प्रत धरून माणशी १८०० रुपये घेतात. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि समोच्च रेषा फळ्यावर किती वेळा काढल्या याची गणती नाही. पण त्या रेषांशी माणसांच्या जगण्यामरण्याचा संबंध किती जवळचा असतो, हे या दोन दिवसांत जेवढे उमगले तेवढे पूर्वी कधी उमगले नव्हते. म्हणून या सहलीबद्दल सविस्तर लिहीत आहे, आणि ज्या गोष्टी खटकल्या त्याही लिहीत आहे.

शनिवारचे व्याख्यान हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी दिले. सगळे त्यांना सर म्हणत होते, म्हणून मीही तसेच म्हणते. सरांनी सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली, ती अशी की ते ज्या अपघातांबद्दल बोलणार होते त्यांपैकी बहुतेकांत विमानाची इंजिने ठीक चालू होती, विमान वैमानिकाच्या ताब्यात होते आणि शेवटच्या क्षणापर्यंत आत कोणाला काही शंका आली नसावी. अशा अपघातात बिघडलेले असते ते एकच, आपण नेमके कुठे आहोत याबद्दलची समजूत. या एका वाक्यावर पुढचे सगळे व्याख्यान उभे होते.

त्यांनी मुख्यतः ७ जुलै १९६२ चा अपघात घेतला. अलिटालियाचे डीसी-८ जातीचे जेट विमान सिडनीहून रोमला निघाले होते आणि डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबे घेत मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईला उतरणार होते. ते मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नर परिसरातील डोंगरावर, साधारण ३६०० फूट उंचीवर आदळले आणि विमानातील सर्व ९४ जण मृत्यू पावले. वैमानिकाला आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असे वाटले आणि त्याने वेळेआधीच विमान खाली आणले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. उपलब्ध दिशादर्शक साधनांवरून आपले स्थान पडताळले नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची सोडली आणि या मार्गावरील भूभाग वैमानिकाच्या परिचयाचा नव्हता, हीही कारणे चौकशीत नोंदवली गेली.

इथे सरांनी आम्हा सगळ्यांना कागद-पेन्सिल दिली, आणि माझ्या मते व्याख्यानाचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. उतरणारे विमान ढोबळमानाने दर सागरी मैलाला ३०० फूट खाली येते, एवढे एकच सूत्र त्यांनी फळ्यावर लिहिले. ८४ किलोमीटर म्हणजे सुमारे ४५ सागरी मैल. तेव्हा त्या जागी विमान किती उंच असायला हवे होते, ते तुम्हीच काढा, असे ते म्हणाले. उत्तर साडेतेरा हजार फूट आले. मग त्यांनी प्रश्न उलटा विचारला: ३६०० फुटांवर असलेले विमान धावपट्टीपासून किती लांब शोभले असते? बारा सागरी मैल, म्हणजे जेमतेम २२ किलोमीटर. माझ्या शेजारी बसलेल्या, रोज डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या ताईंनी नकाशावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे मुंब्रा आणि डोंबिवलीच्या मध्ये." जुन्नरच्या डोंगरावर असलेले विमान मुंब्र्याच्या पलीकडे आहे असे समजून चालवले, तर जी चूक होईल तेवढी ही चूक होती. आकडे पुस्तकात वाचणे निराळे आणि ते आपल्या हाताने मांडून आपल्याच रोजच्या स्थानकांवर येऊन थांबणे निराळे.

त्यानंतर जगातील तशाच दुसऱ्या काही घटना आल्या. १९६२ च्या अपघातानंतर अवघ्या बारा दिवसांनी, १९ जुलैला, हाँगकाँगहून बँकॉकला येणारे युनायटेड अरब एअरलाइन्सचे कॉमेट विमान थायलंडमधील खाओ याईच्या डोंगरात आदळले आणि २६ जण गेले. ४ डिसेंबर १९७४ रोजी श्रीलंकेत मस्केलियाजवळच्या सप्तकन्या डोंगरावर मार्टिनएअरचे डीसी-८ आदळले. त्यात इंडोनेशियातील सुराबायाहून हजला निघालेले यात्रेकरू होते आणि मृतांची संख्या १९१ होती. विमान कोलंबोला उतरायच्या तयारीत होते आणि तिथेही विमानतळ अजून बराच दूर असताना ते खाली आणले गेले. तीन देश, तीन निरनिराळ्या कंपन्या, आणि चूक मात्र एकाच वळणाची. आपल्याकडच्या निलगिरीतला अपघात सरांनी दोन वाक्यांत उरकला, याचे मला वाईट वाटले. १३ डिसेंबर १९५० रोजी कोटगिरीजवळ डोंगरावर आदळलेल्या त्या एअर इंडियाच्या डकोटा विमानात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड आणि त्यांच्या पत्नी होत्या. युद्धातून परतलेल्या बाँबफेकी विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत, याचा अभ्यास करून न परतलेल्या विमानांना कुठे मार बसला असेल हे सांगणारा हा माणूस. त्यांच्यासाठी निदान दहा मिनिटे द्यायला हवी होती.

रविवारी बस पाऊण तास उशिरा आली, हे आधीच सांगून टाकते. पहिला मुक्काम घाटकोपरला होता. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनी केएलएमचे कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईला येत असताना मुसळधार पावसात इथल्या ६७४ फुटी टेकडीवर आदळले. मृत ४५ जणांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते, आणि त्यांत १९३१ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेले एच. आर. निकरबॉकर होते. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते, वस्तीत दुधाच्या पिशव्या पोहोचत होत्या, नळाला रांग होती. आम्ही पंचवीस जण छत्र्या धरून उभे राहिलो तेव्हा एका आजोबांनी विचारले, "काय बघताय?" सरांनी त्यांना थोडक्यात आणि आदराने सांगितले. मेट्रोतून येताजाता या टेकड्या मी शेकडो वेळा पाहिल्या आहेत. ६७४ फूट म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबात काहीच नाही. पण उतरत्या विमानाच्या वाटेत तेवढीही उंची पुरेशी होते.

कल्याण, मुरबाड मागे टाकून बस माळशेज घाटात शिरली तेव्हा सरांनी पिशवीतून एक जुने उंचीमापक काढले, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे विमानातले यंत्र. काळी तबकडी, पांढरे आकडे, खाली एक खाचदार गुंडी आणि शेजारी हवेच्या दाबाची छोटी खिडकी. ते हातोहात फिरले. गुंडी अगदी किंचित, म्हणजे एक हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) एवढी फिरवली की काटा तीसेक फुटांनी सरकतो. पावसाळ्यात मुंबईत समुद्रसपाटीचा दाब १००३ ते १००५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तर प्रमाण दाब १०१३ धरतात. गुंडी १०१३ वरच राहिली, तर यंत्र खऱ्या उंचीपेक्षा अडीचशे-पावणेतीनशे फूट जास्त दाखवते, आणि डोंगराच्या बाबतीत याच दिशेने होणारी चूक घातक असते. हे १९६२ च्या अपघाताचे कारण नव्हते, हे सरांनी दोनदा बजावले, आणि मला त्यांचा हा काटेकोरपणा फार आवडला. घाटाच्या प्रत्येक वळणावर काटा वर चढत होता, आणि बसमधील दोन शाळकरी मुले तो मोठ्याने वाचत होती.

वर पठारावर पोहोचलो तर समोर ढगांशिवाय काही नव्हते. जो डोंगर पाहायला आलो तो दिसणार नाही, हे कळल्यावर एक गृहस्थ नाराज झाले आणि म्हणाले, "पैसे भरून आम्ही धुकं बघायला आलो का?" सरांनी उंचीमापक रुमालात गुंडाळले आणि प्रत्येकाला आपण किती उंचीवर उभे आहोत ते अंदाजाने सांगायला लावले. उत्तरे आठशे फुटांपासून चार हजारांपर्यंत आली. रुमाल काढला तेव्हा काटा २३०० च्या जवळ होता. जमिनीवर दोन पाय रोवून उभी असलेली पंचवीस शिकलेली माणसे एवढी चुकतात, मग रात्री, ढगात, ताशी काही शे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाने डोळ्यांवर विसंबून काय करावे? ते गृहस्थ त्यानंतर शेवटपर्यंत सरांच्या शेजारी होते. प्रत्यक्ष अपघाताच्या जागी सहल नेत नाहीत, ती माणसे गेली ती जागा आहे, एवढेच कारण आयोजक सांगतात, आणि ते मला पूर्ण पटते.

परतीच्या वाटेवर पनवेलजवळच्या डोंगरात ४ ऑगस्ट १९७९ रोजी आदळलेल्या, पुण्याहून मुंबईला येणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या ॲव्हरो विमानाबद्दल (मृत ४५) आणि जमिनीच्या जवळिकीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेबद्दल सर बोलले. ही यंत्रणा १९७० च्या दशकात सक्तीची होऊ लागली. पण सुरुवातीची यंत्रणा विमानाच्या थेट खालची जमीनच पाहत असे, त्यामुळे समोर उभा कडा असला तर इशारा फार उशिरा मिळे. जगभरच्या भूभागाची माहिती साठवून पुढचे पाहणारी सुधारित यंत्रणा १९९० च्या दशकात आली. हा भाग दमलेल्या लोकांसमोर, बसच्या आवाजात झाला. तो शनिवारी व्हायला हवा होता.

आता तक्रारी. माळशेजमध्ये पावसाळ्यात दरडी कोसळतात हे ठाऊक असूनही घाट बंद झाला तर काय करायचे, याची एकही सूचना आम्हाला आधी दिली नव्हती; सुरक्षिततेवर दोन दिवस बोलणाऱ्यांनी हे करू नये. धबधब्याजवळचा अर्धा तास मला अनाठायी वाटला. जुन्नर तालुक्यातले कोणी बोलायला बोलावले नव्हते, ही मोठी उणीव आहे. जेवण मात्र उत्तम होते, गरम पिठले-भाकरी आणि ठेचा.

सर्वांत गंभीर तक्रार छापील पत्रकाची आहे. त्यात १९६२ च्या अपघातातील मृतांची संख्या ८४ छापली आहे. किलोमीटरचा आकडा मृतांच्या जागी गेला असणार. मी ते दाखवले तेव्हा आयोजकांपैकी एक तरुण "पुढच्या छपाईत बघू" असे म्हणाला. दहा माणसे कागदावरून गळली आहेत आणि त्यांना पुढच्या छपाईपर्यंत थांबायला सांगणे योग्य नाही, असे मी त्याला म्हटले. सरांनी ते ऐकले आणि बसमध्ये जेवढ्या प्रती उरल्या होत्या तेवढ्या मागवून घेतल्या. चौदा वर्षांवरील मुलांना घेऊन जरूर जावे, पावसाळी बूट आणि पट्टी-पेन्सिल सोबत ठेवावी, आणि शनिवारचे व्याख्यान चुकवू नये. माझ्या प्रतीवर ८४ खोडून सरांच्या अक्षरात ९४ लिहिलेले आहे.