‘राझी’, ‘पठाण’ की ‘मद्रास कॅफे’? संगीतावरून निवडायचा हेरपट

हेरपट निवडताना लोक आधी हिरो कोण ते विचारतात, मग मारामारी किती आहे ते. पार्श्वसंगीत कसं आहे, हे कोणीच विचारत नाही. पण पिक्चर संपला की भांडण होतं ते हमखास त्यावरच. एक म्हणतो म्युझिकनं डोकं उठवलं, दुसरा म्हणतो म्युझिकनंच तर मजा आणली. नागपुरात आमच्या घरात आणि मित्रमंडळींत ‘राझी’, ‘पठाण’ आणि ‘मद्रास कॅफे’ या तिघांवरून उघड तट पडले आहेत, आणि प्रत्येक तटाकडे ऐकण्यासारखं काहीतरी आहे. घरात सगळे जमलेत, एकच हेरपट बघायचाय आणि कोणता ते ठरत नाही, अशा माणसासाठी हे लिहितेय.

माझा कौल आधीच सांगते: मला ‘राझी’ सगळ्यांत जवळचा आहे. पण तो दर वेळी, दर माणसाला लागू पडेलच असं नाही.

तिघांची ओळख थोडक्यात. ‘मद्रास कॅफे’ २०१३ चा, दिग्दर्शक शूजित सरकार, संगीत शंतनू मोइत्रा यांचं. श्रीलंकेतल्या यादवीची आणि एका माजी पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाची गोष्ट. ‘राझी’ मे २०१८ चा, मेघना गुलजार यांचा. १९७१ च्या युद्धाआधी लग्न करून पाकिस्तानात गेलेल्या काश्मिरी मुलीची, सेहमतची कथा. तिला आधार हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीचा, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं आणि गीतं गुलजारांची. ‘पठाण’ जानेवारी २०२३ चा, सिद्धार्थ आनंद यांचा. गाणी विशाल-शेखर यांची आणि पार्श्वसंगीत संचित व अंकित बल्हारा या भावांचं. तिन्ही दोन तासांच्या पुढे आहेत, ‘पठाण’ तर जवळजवळ अडीच तासांचा.

हेरपटाच्या संगीतकारापुढे एक अडचण असते, ती कौटुंबिक चित्रपटात सहसा येत नाही. पडद्यावरचा माणूस सतत काहीतरी लपवत असतो. संगीतानं ते आपल्याला सांगून टाकायचं की त्यानंही गुपित सांभाळायचं? सांगितलं तर धाकधूक संपते. नाही सांगितलं तर प्रेक्षक कोरडा राहतो, मोबाईल काढतो. या एका प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं या चित्रपटांत सापडतात, आणि आमच्याकडचे वाद मुळात त्यावरूनच आहेत.

‘पठाण’चं उत्तर सोपं आहे: सगळं सांगून टाका, तेही मोठ्यानं. नायक दारात यायच्या आधी त्याची धून येते. खलनायक आला की वाद्यांचा रंग बदलतो. ही जुनी परंपरा आहे. हेरपटांत ती १९६२ मधल्या पहिल्या बॉण्डपटापासून ठळक दिसते. बॉण्डची धून मॉन्टी नॉर्मन यांची आणि तिला आज ओळखीचं असलेलं रूप दिलं जॉन बॅरी यांनी. मग १९६६ मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या ‘मिशन इम्पॉसिबल’साठी लालो शिफ्रिन यांनी जे केलं, ते तर तबला शिकलेल्या कोणीही हातावर मोजून बघावं. दहा मात्रांचं आवर्तन आहे, पण झपतालासारखं २-३-२-३ नाही, ३-३-२-२ असं. पहिली दोन पावलं लांब, पुढची दोन आखूड. त्यामुळे ती धून सतत पुढे पळतेय असं वाटतं. नागपूरच्या महाल भागात तबला शिकवणारे आमच्या ओळखीचे एक गुरुजी मुलांना हे टाळी देऊन दाखवतात आणि मुलं लगेच ओळखतात.

‘पठाण’ या घराण्यातला आहे. त्याच्या बाजूनं सगळ्यात जोरात बोलतो तो माझा इंजिनीअरिंगला असलेला भाचा. त्याचं म्हणणं: "मावशी, बीजीएम (बॅकग्राउंड म्युझिक) वाजला की अंगावर काटा येऊन राहते, मग स्टोरी काऊन पाहायची?" आणि ट्रेनच्या प्रसंगात सलमान खानच्या टायगरची ओळखीची धून सुरू होते तेव्हा थिएटरात जे होतं, ते खरंच बघण्यासारखं असतं. ‘एक था टायगर’ २०१२ चा. म्हणजे तोवर दहा वर्षं लोकांच्या कानात मुरलेली धून तिथे फक्त परत आणली आहे, आणि चेहरा नीट दिसायच्या आत शिट्ट्या सुरू होतात. पंचशील, लिबर्टी, जानकी या नागपूरच्या थिएटरांच्या काळात शिट्ट्यांच्या गदारोळात पिक्चर पाहिलेल्या माझ्या दिरांना म्हणूनच ‘पठाण’ आवडतो. त्यांच्या मते पिक्चर चारचौघांत ओरडत बघायची गोष्ट आहे. हे मत मला पटतं. त्या अनुभवासाठी तो चित्रपट उत्तम बनवलाय.

पण त्याच घरात माझे सासरे आहेत. ते म्हणतात, "अरे, हा हेर आहे की नवरदेव? याच्या येण्याची वर्दी साऱ्या गावाले लागते." त्यांचा आक्षेप तंतोतंत आहे. संगीत इतकं आधी सांगतं की कोण कोणाला फसवतोय या कथेतल्या वळणांवर धक्का बसत नाही. जो बसतो तो मोटारी आणि हेलिकॉप्टरचा. शिवाय ढोल आणि इलेक्ट्रॉनिक ठोक्यांना फार थोडी उसंत आहे. कानांना शांतता मिळाली तर पुढचा मोठा आवाज मोठा वाटतो, ती इथे कमी मिळते. गाणी मात्र दोनच आहेत आणि ‘झूमे जो पठाण’ तर शेवटी, श्रेयनामावलीवर येतं. तेव्हा ‘गाणीच गाणी’ ही तक्रार या चित्रपटाबद्दल खोटी आहे.

‘राझी’वर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण त्याच्या संगीतावरचे आक्षेप मला सगळ्यात चुकीचे वाटतात.

पहिला आक्षेप भाच्याचाच: "हेरपटात विदाईचं गाणं?" ‘दिलबरो’ बद्दल तो बोलतोय. हर्षदीप कौर, विभा सराफ आणि शंकर महादेवन यांनी गायलेलं, सुरुवातीला काश्मिरी ओळी असलेलं गाणं. मुलगी सासरी निघालीय, बाप निरोप देतोय. वरवर पाहिलं तर कुठल्याही लग्नाच्या व्हिडिओवर लावावं असं, आणि लोक लावतातही. पण चित्रपटात तो बाप मुलीला कामगिरीवर पाठवतोय. मांडवात हे फक्त दोघांना-चौघांना माहीत आहे. संगीतकारांनी त्या गाण्यात धोक्याचा एकही सूर घातलेला नाही. एखादा घोगरा चेलो, एखादा दबलेला ठोका टाकणं किती सोपं होतं! ते टाकलं असतं तर संगीतानंच सेहमतची चुगली केली असती. गाणं विदाईचंच राहिलं, म्हणून बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

दुसरं ‘ऐ वतन’. हे गाणं ती पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांकडून शाळेच्या कार्यक्रमासाठी बसवून घेते. त्यात इक्बाल यांच्या ‘लब पे आती है दुआ’ या शाळेतल्या प्रार्थनेच्या ओळी येतात, आणि गुलजारांच्या शब्दांत कुठल्याच देशाचं नाव नाही. मुलं आपल्या देशासाठी गातात, पुढे बसलेले अधिकारी खूश होतात, आणि तेच शब्द ती मनातल्या मनात सीमेच्या अलीकडे पाठवते. एकच चाल, एकच ओळ, दोन देश. तिथे गाणंच हेरगिरी करतंय. हिंदी चित्रपटात गाणं कथेत इतकं गुंतलेलं मी फार कमी वेळा ऐकलंय. गुलजार आणि अरिजित सिंग या दोघांनाही या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. पण तो अरिजितचा अवतार वेगळा आहे. घरी बघणाऱ्यांनी शाळेच्या प्रसंगातला सुनिधी चौहान आणि मुलांचा आवाज लक्ष देऊन ऐकावा, खरी करामत तिथे आहे.

शंकर महादेवन आणि मंडळींना आपण ‘कट्यार काळजात घुसली’मुळे वेगळ्या नात्यानं ओळखतो. तिथे त्यांनी गाण्याला कथेचं पात्र केलं होतं. इथे त्याच सवयीचा उपयोग झालाय असं मला वाटतं. आणि हो, ज्या जावेनं अमृता खानविलकरसाठी म्हणून ‘राझी’ लावला, तिला मुनीराची भूमिका छोटी असली तरी नीट लिहिलेली सापडली.

‘राझी’चा दोषही सांगायला हवा. उत्तरार्धात, माणसं जायला लागतात तसं संगीत हळवं होत जातं आणि आलिया भट्टच्या चेहऱ्यावर जे आधीच दिसतंय ते पुन्हा सांगतं. तिथे सासरे म्हणतात तेच मीही म्हणेन: इथे वाद्यं थांबली असती तर बरं झालं असतं. संदेश पाठवतानाच्या मोर्स या सांकेतिक लिपीच्या टकटकीत जो ताण आहे, तो तंतुवाद्यांच्या लाटेत नाही.

वाद्यं थांबलेली ऐकायची असतील तर ‘मद्रास कॅफे’. पात्रं ओठ हलवून गात नाहीत, नाच नाही. शंतनू मोइत्रा यांच्या सुरावटी येतात आणि मुकाट मागे सरतात. मधली जागा आवाजांनी भरलीय: रेडिओची खरखर, फोनवरची अर्धवट वाक्यं, पाऊस, पाण्यावरची बोट. ध्वनिआरेखनासाठी, म्हणजे साउंड डिझाइनसाठी, बिश्वदीप चॅटर्जी यांना या चित्रपटाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो अगदी योग्य जागी गेला. गुप्तचर खात्याचं काम म्हणजे बहुतांशी ऐकणं, चोरून पकडलेल्या संभाषणातून अर्थ काढणं. चित्रपट प्रेक्षकालाही तेच काम करायला लावतो. सासरे सरकारी नोकरीत होते. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत घटना घडून जाते, हे त्यांना त्यात फार खरं वाटतं. सिद्धार्थ बासू प्रश्नमंजूषेच्या खुर्चीतून उठून खात्याचे प्रमुख झालेले बघायलाही त्यांना आवडतं. जॉन अब्राहम इथे आणि ‘पठाण’मध्येही आहे, दोन्हीत त्याच्यामागे वाजणारं संगीत लागोपाठ ऐकलं तर हा सगळा फरक पाच मिनिटांत कळेल.

विरुद्ध मतही आहे. माझी जाऊ म्हणते, "कोण कोणाचा माणूस आहे हेच समजत नाही, अन् म्युझिकही काही मदत करत नाही." रास्त आहे. नावं भराभर येतात, ठिकाणं बदलतात, आणि कथानायकाच्या घरातल्या दुःखापाशी चित्रपट थांबतच नाही, तिथे मलाही तो कोरडा वाटला. शिवाय सुरुवातीलाच कत्तलीची दृश्यं आहेत. लहान मुलं असतील तर हा लावूच नका.

आता नागपूरकरांसाठी एक अगदी व्यवहारातली गोष्ट. आपल्याकडे एप्रिल-मे-जूनमध्ये खोलीत कूलर घोंघावत असतो. त्या सलग आवाजाखाली हळू बोललेले संवाद आणि बारीक आवाज सगळ्यात आधी बुडतात. ‘मद्रास कॅफे’ कूलरसमोर बघणं म्हणजे तो अर्धाच बघणं. ‘राझी’तली कुजबूज आणि ती टकटकही हरवते, गाणी तेवढी तरतात. ‘पठाण’ला कूलर काही करू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात घरी, दहा-बारा माणसं, पन्हं आणि गोंधळ असा बेत असेल तर बिनदिक्कत ‘पठाण’ लावा. घरात ‘बेशरम रंग’ कोणाला खटकणार असेल तर रिमोट हाताशी ठेवा, गाणं लवकरच येतं.

टीव्हीच्या आतल्या बारक्या स्पीकरवर खालचे सूर फारसे येतच नाहीत. ‘पठाण’चे ठोके तिथे डब्यावर मारल्यासारखे ऐकू येतात, साउंडबार असेल तरच त्याचं संगीत न्याय्य वाटेल. आणि मारामारीत आवाज कमी, संवादात जास्त, अशी रिमोटची कसरत करावी लागत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये नाइट मोड शोधा. त्यानं मोठा आणि लहान आवाज यांतलं अंतर कमी होतं. ‘राझी’ आणि ‘मद्रास कॅफे’साठी मात्र तो बंद ठेवा, कारण तिथे तेच अंतर मोलाचं आहे.

दिवाळीला पाहुणे आलेत, आजीपासून नातीपर्यंत सगळे एका खोलीत आहेत, पंखाही मंद आहे, तर ‘राझी’. आजीला विदाई कळेल, कॉलेजच्या नातीला सेहमत कळेल, आणि ‘ऐ वतन’नंतर त्या गाण्यावर दोघी एकमेकींशी बोलतील. जेवणं आधी उरकून घ्या. मधे उठून पोळ्या वाढायला गेलात तर शाळेचा प्रसंग निसटेल.

एकटेच असाल, रात्रीची वेळ असेल, तर हेडफोन लावून ‘मद्रास कॅफे’, आणि सबटायटल सुरू ठेवून, कारण पहिल्या अर्ध्या तासातली नावं चुकली की पुढचे धागे लागत नाहीत. कुठला चित्रपट कोणत्या ॲपवर आहे ते बदलत राहतं, त्यामुळे पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच शोधून ठेवा.