मिटिंग जवळची, लांबची की मोबाईलवरची?

दादाने दारू सोडायचं मनावर घेतलं, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगला कुठे जायचं यावरून. आई म्हणाली, लांब जा, इथे कुणी पाहिलं तर? मी म्हटलं, जवळच जा, नाहीतर चार दिवसांत सुटेल. दोघींचंही थोडं बरोबर निघालं. तुमच्या घरातही सध्या हीच चर्चा चालू असेल, तर आम्हाला जे उशिरा कळलं ते लिहिते.

त्याआधी एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू थांबवून थेट मिटिंगला जाऊन बसू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, आणि यात जीवही जातो. आधी डॉक्टर, मग मिटिंग.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना 1935 साली अमेरिकेत सुरू झाली आणि 1950च्या दशकात भारतात आली. फी नाही. सदस्य व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. शेवटी डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो पैसे टाकतो. नवीन माणसाने नाही टाकले तरी चालतं. मुंबईत कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे शाळेच्या वर्गात मिटिंग भरते. भाषा आधी विचारून घ्या. दादा पहिल्यांदा गेला तो गट इंग्रजीत बोलणारा होता. तो तासभर गप्प बसून आला आणि म्हणाला, माझं दुःख मला इंग्रजीत सांगता येत नाही.

आता जवळ की लांब. लांबच्या गटात ओळखीचं कुणी भेटत नाही, म्हणून पहिल्यांदा तोंड उघडायला सोपं जातं. दादा सुरुवातीचे दोन महिने लोकलने तासभर प्रवास करून जात होता. पावसाळा लागला, एक मिटिंग चुकली, मग तीन चुकल्या. जवळच्या गटात ओळखीचा चेहरा दिसण्याची भीती खरी आहे, पण तो चेहरा बहुधा त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो, आणि तिथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा तिथला रिवाज आहे. तरीही लाज आडवी येत असेल, तर लांबच्या गटापासून सुरुवात करा. न जाण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

अंतरापेक्षाही मी महत्त्व देते ते वेळेला. प्रत्येकाची पिण्याची वेळ ठरलेली असते. दादाची संध्याकाळी सातची, ऑफिस सुटल्यापासून जेवणापर्यंतची. रविवारी सकाळची मिटिंग कितीही चांगली असली, तरी त्याला उपयोगी पडली ती संध्याकाळची. तो घोट घ्यायचा त्या वेळी तो खुर्चीवर बसून दुसऱ्याचं ऐकत होता.

ओपन मिटिंगला घरचे लोक बसू शकतात, क्लोज्डला फक्त व्यसनी. पहिल्या खेपेला सोबत जायचं असेल तर ओपन निवडा. पण कायम सोबत जाऊ नका. मी समोर असताना दादा आईविषयीचं काही बोलत नसे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

ऑनलाइन मिटिंगा लॉकडाउनपासून पुष्कळ वाढल्या. गावात गट नसेल, शिफ्ट ड्यूटी असेल, दुबईत किंवा जर्मनीत राहून मराठीत बोलायचं असेल, तर ऑनलाइनला पर्याय नाही. बायकांनाही त्या सोयीच्या पडतात, कारण पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने शिरणं अजूनही अवघड आहे. उणिवा दोन: कॅमेरा बंद करून पडून राहता येतं, आणि मिटिंग संपल्यावरचा चहा तिथे नसतो, आणि दादाला जो स्पॉन्सर, म्हणजे नव्याला सांभाळून घेणारा जुना सदस्य, मिळाला तो त्या चहावरच.

व्यसनमुक्ती केंद्राचा फॉलोअप हा वेगळा रस्ता. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी दाखल होऊन उपचार होतात आणि घरी आल्यावर पाठपुराव्याच्या सभा असतात. तिथे समुपदेशक असतो, तो प्रश्न विचारतो, सल्ला देतो. एएच्या मिटिंगमध्ये कुणी कुणाला सल्ला देत नाही. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. ज्याला धरून ठेवणारं माणूस हवं त्याने फॉलोअपला जावं, आणि जमलं तर दोन्हीकडे. आमच्याकडे दोन्ही चालू आहे.

देवाचा उल्लेख खटकणारे पुष्कळ आहेत. दारूतून बाहेर पडण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांत तो येतो, पण ‘आपल्याला जसा कळला तसा’ या मोकळीकीसह. तेही नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संघटना आहे, विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या, म्हणजे विचार तपासून वागणं बदलण्याच्या, पायावर उभी. मात्र इंग्रजी येत असेल तरच ती सोयीची. एएचा उपयोग होतो का, असं विचारणाऱ्यांसाठी: वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले, आणि पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले.

एक मिटिंग पाहून मत बनवू नका. त्याच गटात चार-पाच वेळा जा, मग हवं तर गट बदला. जवळचं केंद्र कुठे आहे ते कळत नसेल तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, तो मोफत आहे.

आणि घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, दारू पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या अशाच मिटिंगा. आमची आई वर्षभर नको म्हणत होती. आता दर आठवड्याला जाते, आणि त्या दिवशी दादा कुकर लावतो.