गाडीचा रंग दुरुस्त करायला दिला आणि अकरा हजार गेले

बॉनेटवरचा रंग उन्हानं पांढरट पडून उडाला होता, म्हणून ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, मी तो घरीच स्प्रे-कॅननं मारला. नागपुरात त्या दिवसांत पारा ४५ च्या आसपास असतो, पत्रा तर हात लावू देत नाही. एवढ्या उष्णतेत रंग पत्र्यावर पोचण्याआधीच हवेत सुकतो. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागायचं आणि कडेला जुन्या रंगावर सुरकुत्या आल्या होत्या. ही चूक माझी, ती मान्यच आहे.

पण फसलो ते त्यानंतर.

रिंग रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं गाडी बघितली आणि म्हणाला, "होऊन जाते नं भाऊ. सगळं घासून काढतो, पीयू मारतो, दोन वर्षं बघायचं काम नाही." पीयू म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळून मारायचा टिकाऊ पॉलियुरेथेन रंग. बॉनेट आणि उजव्या दाराचे अकरा हजार ठरले. सात आधी दिले, चार नंतर. बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, म्हणून मी सोडून दिलं. पाचव्या दिवशी गाडी आरशासारखी चमकत होती. मला खरंच आनंद झाला होता.

जुलैच्या झडीत बॉनेटवर मुगाच्या दाण्याएवढे फोड आले. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी लागताच तळहाताएवढा पापुद्रा निघाला आणि त्याखाली माझाच जुना खरखरीत थर, सुरकुत्यांसकट, जसाच्या तसा! म्हणजे घासलं काहीच नव्हतं. वरून पुट्टी ओढून रंग मारला होता.

दुसऱ्या एका वयस्कर पेंटरकाकांनी पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन दाराच्या आतल्या कडेला दोन-तीनदा घासलं. फडकं लाल झालं. "बेटा, हा पीयू नाही, एनसी आहे, बिनहार्डनरचा साधा रंग. हार्डनर टाकून नीट पिकलेला पीयू असा थिनरनं सुटत नाही." मग त्यांनी बॉनेटवर लोहचुंबक लावलं, तर दोन ठिकाणी ते चिकटलंच नाही, इतकी जाड पुट्टी. पुट्टी पाणी धरते. खालचा सैल थर न काढता तिच्यावर रंग मारला की पावसाळ्यात फोड येणारच, असं काकांचं म्हणणं.

पहिल्याकडे गेलो तर म्हणाला, "तुमच्याच स्प्रेमुळं झालं." हे ऐकून फार लागलं, कारण तो स्प्रे काढायचेच तर मी पैसे दिले होते.

तुमचाही घरचा रंग फसला असेल तर कृपा करून एवढं करा. घासून झाल्यावर, प्रायमर मारण्याआधी, स्वतः जाऊन पत्रा बघा आणि फोटो काढा. हार्डनरचा डबा तुमच्यासमोर उघडू द्या. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, तोच वापरताहेत का ते विचारा. पीयू म्हणाले तर बिलावर तसं लिहून घ्या, जीएसटी लागला तरी चालेल. पूर्ण पैसे लगेच देऊ नका.

माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी आणि फोटो आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. काकांनी बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडलं आहे, आणि सध्या गाडी करड्या प्रायमरमध्ये उभी आहे.