पुण्यातून एअर परमिटिंग करायचंय: टेक्सासचं डेस्क घ्यायचं की एमपीसीबी कन्सेंटचं काम?

एन्व्हायर्नमेंटल किंवा केमिकल करून पुण्यात काम शोधताय आणि ऑइल-गॅसच्या हवेच्या परवानग्यांमधे शिरायचंय, तर साधारण दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बाणेर-हिंजवडीकडच्या एखाद्या इंजिनिअरिंग ऑफिसात बसून टेक्सासच्या वेलसाइट्सचे, म्हणजे तेल-गॅसच्या विहिरींच्या जागांचे, परमिट अर्ज तयार करायचे, आणि दुसरा म्हणजे इथल्याच एखाद्या कन्सल्टंटकडे राहून डेपो, टर्मिनल, प्लांट यांचे एमपीसीबीचे, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, कन्सेंट (संमतीपत्रं) करायचे. दोन्ही कामं मी केलीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते, जमत असेल तर कन्सेंटच्या कामापासून सुरुवात करा आणि मग टेक्सासकडे जा, पण हे प्रत्येकाला लागू होणार नाही आणि का नाही ते खाली येईलच.

पहिला मोठा फरक असा की टेक्सासमधे सगळं टनांवर चालतं. साइटवरून वर्षाला व्हीओसी (हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) किती टन, नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) किती, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) किती, आणि तेही आज प्रत्यक्षात किती निघतंय ते नाही तर जास्तीत जास्त किती निघू शकतं, ज्याला पोटेन्शियल टू एमिट म्हणतात. त्या आकड्यावरून ठरतं की टीसीईक्यूच्या, म्हणजे टेक्सासच्या पर्यावरण खात्याच्या, कुठल्या दारातून जायचं. छोटी साइट असेल तर परमिट बाय रूल, म्हणजे पीबीआर, त्यात नॉक्स आणि सीओला २५० टन आणि व्हीओसीला २५ टनांची मर्यादा. त्यात बसत नसेल तर स्टँडर्ड परमिट, आणि त्यातही बसत नसेल तर केस-बाय-केस एनएसआर (न्यू सोर्स रिव्ह्यू), ज्यात बेस्ट अव्हेलेबल कंट्रोल टेक्नॉलॉजीपासून डिस्पर्शन मॉडेलिंगपर्यंत, म्हणजे धूर हवेत कसा पसरेल त्या गणितापर्यंत, सगळं येतं. वर फेडरल टायटल फाइव्ह, म्हणजे मोठ्या सोर्सचं चालवण्याचं परमिट, आहेच, साधारण १०० टनांवर गेलात की मेजर सोर्स, पण ह्यूस्टन किंवा डॅलससारख्या ओझोन प्रदूषणासाठी सिव्हिअर (गंभीर) ठरलेल्या भागात हीच रेघ व्हीओसी आणि नॉक्ससाठी २५ टनांवर येते. त्यामुळे क्लायंटचा ईमेल आला की सगळ्यात आधी काउंटी बघायची सवय लागते. आणि हो, तो टन अमेरिकन शॉर्ट टन, २००० पाउंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा, हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा.

इकडे १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २१ खाली आधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश (उभारणीसाठी), मग कन्सेंट टू ऑपरेट (चालवण्यासाठी). उद्योग किती प्रदूषण करू शकतो त्यावरून रेड, ऑरेंज, ग्रीन वगैरे कुठल्या रंगात बसतो ते बघायचं, भांडवली गुंतवणुकीचं सीए सर्टिफिकेट लावायचं कारण फी त्यावर ठरते, आणि पोर्टलवर अर्ज टाकायचा. कायद्यात बोर्डाला निर्णयासाठी ४ महिने दिलेत. इथे वर्षाला किती टन हा प्रश्न क्वचितच मध्यभागी येतो, इथे विचारतात चिमणी किती उंच, त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत किती मिलिग्रॅम, आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी हवा कशी आहे. डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) स्टॅकचं, म्हणजे चिमणीचं, सूत्र तुम्हाला झोपेतही आठवायला लागेल, बिल्डिंगची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, म्हणजे ५०० केव्हीएचा सेट १० मीटरच्या बिल्डिंगशेजारी असेल तर साधारण साडेचौदा मीटर. बॉयलरला वेगळं, १४ गुणिले क्यूचा ०.३ घात, क्यू म्हणजे तासाला निघणारा एसओटू (सल्फर डायऑक्साइड) किलोत. गणित तेवढंच, बाकी सगळी मेहनत कागद जुळवण्यात आणि साइटवर जाण्यात.

आता ज्यात खरी गोम आहे ते सांगते, कच्च्या तेलाच्या टाक्या. विहिरीतून आलेलं तेल सेपरेटरमधे (तेल, गॅस, पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात) दाबाखाली असतं, त्यात हलका गॅस विरघळलेला असतो, आणि ते तेल वातावरणाच्या दाबाच्या टाकीत पडलं की तो गॅस फसकन बाहेर येतो, त्याला फ्लॅशिंग म्हणतात. टाकी भरताना होणारा वर्किंग लॉस आणि दिवस-रात्रीच्या तापमानाने होणारा ब्रीदिंग लॉस एपी-४२ च्या, म्हणजे ईपीए या अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या उत्सर्जन-गुणांकांच्या संग्रहाच्या, सातव्या चॅप्टरमधल्या समीकरणांनी निघतो, पण फ्लॅशिंगला प्रेशराइज्ड सॅम्पल घेऊन प्रोमॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमधे सिम्युलेशन करावं लागतं. आणि तिथे सेपरेटरचा दाब नि तापमान चुकीचं घेतलं तर सगळा अर्ज चुकीचा होतो. का, तर ईपीएच्या ऑइल-गॅससाठीच्या फेडरल क्वाड-ओ (OOOO) नियमांमधे टाक्यांसाठी व्हीओसीची रेघ ६ टनांची आहे. आधीच्या नियमांत ती एकेका टाकीला होती, ६ डिसेंबर २०२२ नंतर बांधलेल्या किंवा बदललेल्या टाक्यांना लागू होणाऱ्या क्वाड-ओ-बी मधे ती पूर्ण टँक बॅटरीला (एकत्र जोडलेल्या टाक्यांच्या संचाला) आहे, शिवाय मिथेनला २० टन. समजा एका बॅटरीचा आकडा ५.८ आला तर ती नियमाबाहेर, ६.२ आला तर ९५ टक्के कंट्रोल, क्लोज्ड व्हेंट, तपासण्या, रिपोर्ट, सगळं चालू. एवढा फरक एका प्रेशर गेजच्या रीडिंगने पडू शकतो.

म्हणूनच मी म्हणते की आधी साइट बघा. टेक्सासच्या डेस्कवर तुमच्यासमोर फक्त स्प्रेडशीट असते, क्लायंटने दाब ४० पीएसआय लिहिला की तुम्ही ४० टाकता. ज्याने लोणी काळभोरच्या डेपोंसारख्या ठिकाणी टाकीच्या जिन्यावर चढून हॅचपाशी वास घेतलाय, फ्लोटिंग रूफचं सील कुठे झिजतं ते पाहिलंय, तो माणूस थांबून विचारतो की हे रीडिंग सॅम्पल घेतलं त्याच दिवशीचं आहे का. असा प्रश्न विचारणारा इंजिनिअर ह्यूस्टनच्या कॉलवर लगेच ओळखू येतो, त्याचं ऐकलं जातं. (डेपोत फ्लॅशिंग जवळपास नसतंच, तिथे पेट्रोल-डिझेल आधीच स्थिरावलेलं असतं, पण टाकी श्वास कसा घेते ते तिथेच कळतं.)

डेस्कच्या बाजूने बोलायचं तर शिकायला तिथे प्रचंड आहे. प्रत्येक एमिशन पॉइंटला नंबर, प्रत्येक आकड्यामागे पद्धत आणि ती लिहून दाखवायची, इंजिनचं हॉर्सपॉवर-अवरला ग्रॅम, फ्लेअरची कार्यक्षमता, व्हॉल्व्ह-फ्लँजची मोजणी, मेंटेनन्स आणि स्टार्टअपच्या वेळचं उत्सर्जन वेगळं. शेजारच्या दोन साइट्स एक सोर्स धरायच्या का, यावर पाव मैलाचा नियम आणि सामायिक उपकरणं आहेत का यावर तासन्‌तास वाद होतात आणि ते वाद फार चांगले असतात. सावर गॅस (हायड्रोजन सल्फाइड असलेला) असेल तर पीबीआरमधे घरांपासून पाव मैलाची अट येते. एकदा ही शिस्त अंगात भिनली की जगात कुठलीही इन्व्हेंटरी (उत्सर्जनाचा हिशोब) करता येते, मिथेनची असो की ग्रीनहाउसची. हे कन्सेंटच्या कामात इतक्या खोलवर मिळत नाही, हे मान्य करायलाच हवं.

वेळेचं मात्र नीट बघून घ्या. ह्यूस्टन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेदहा तास मागे, त्यामुळे कॉल संध्याकाळी सात-आठनंतरच, आणि डेडलाइन आठवड्यात रात्री उशिरापर्यंत. घरी लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील तर हे खरंच जड जातं. कन्सेंटच्या कामात दिवस दिवसाच संपतो, पण वाकडेवाडीला बोर्डाच्या ऑफिसात चकरा, क्वेरी आली की परत कागद, फील्ड ऑफिसरसोबत व्हिजिट, उन्हातान्हात जेव्हीएस (बोर्डासोबतचं संयुक्त) सॅम्पलिंग, सप्टेंबरअखेर फॉर्म पाच, म्हणजे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र, भरायची घाई, हे सगळं आहे.

जबाबदारीचं वजन दोन्हीकडे वेगळं वाटतं. टेक्सासमधे सर्टिफाय करणारी सही क्लायंटच्या अधिकाऱ्याची, पण आकडा तुमचा. इकडे जनविश्वास कायद्यातल्या बदलांनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून, हवा कायद्यातल्या बऱ्याच उल्लंघनांना तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाखांचा दंड आलाय, त्यामुळे काहींना वाटतं की धाक कमी झाला. मला तसं वाटत नाही, कारण एनजीटी (राष्ट्रीय हरित लवाद) आहे. मुंबईतल्या माहूल-आंबापाड्याच्या लोकांनी व्हीओसीच्या वासाविरुद्ध लढलेलं प्रकरण पुण्याच्याच बेंचपुढे सुरू झालं आणि २०२० मधे चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी भरायला सांगितले गेले. त्या वस्तीतली माणसं वर्षानुवर्षं तो वास घेत होती. कन्सेंटमधली एक अट नीट लिहिली गेली, टाकीला व्हेपर रिकव्हरी बसवायला लावली, तर कोणाच्या तरी घरातली हवा बदलते, आणि हे काम करताना ती माणसं तुम्हाला दिसतात. माझ्यासाठी हे पारडं फार जड आहे.

नियम बदलायचा वेग अमेरिकेकडे जास्त त्रास देतो. क्वाड-ओ-बी मार्च २०२४ मधे प्रसिद्ध झाला आणि २०२५ मधे त्यातल्या काही मुदती पुढे ढकलल्या गेल्या, म्हणजे वाचन कायम चालू ठेवावं लागतं. पण टेक्सासचे स्वतःचे परमिट त्याने बंद होत नाहीत, त्यामुळे काम संपेल अशी भीती बाळगू नका.

मग कोणी काय घ्यावं? थर्मोडायनॅमिक्स आवडतं, एक्सेलमधे चूक शोधायला मजा येते, रात्रीचे कॉल चालतात, तर थेट डेस्क घ्या, पण कंपनी वर्षातून एकदा तरी कुठल्यातरी टर्मिनलवर पाठवेल का ते विचारा. माणसांशी बोलायला आवडतं, पुढे स्वतःची कन्सल्टन्सी काढायचीय, किंवा इथल्याच हवेसाठी काम करायचंय तर कन्सेंट. आणि ठरत नसेल तर आधी कन्सेंट, दोनेक वर्षं, मधल्या वेळात एपी-४२ चा सातवा आणि पाचवा चॅप्टर हाताने सोडवून बघा, ईपीएच्या साइटवर फुकट आहेत. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा दोन्हीकडे एकच गोष्ट विचारा, माझे आकडे तपासणारा सीनियर कोण असेल आणि त्याने शेवटची साइट कधी पाहिली. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ऑफर दोनदा विचार करून घ्या.