विंचला तार की सिंथेटिक दोर?

विंच म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारं, गाडीवरच बसवलेलं यंत्र: त्याच्या ड्रमवर (फिरत्या रिळावर) गुंडाळलेल्या तारेचं किंवा दोराचं टोक झाडाला बांधायचं. दहा मिलिमीटर जाडीची तीस मीटर तार साधारण १२ किलो भरते. तेवढाच सिंथेटिक दोर जेमतेम दोन किलो. पावसाळ्यात चिखलातून चढ चढून झाडापर्यंत टोक नेताना हा फरक खांद्याला कळतो. त्यात दोर पाण्यावर तरंगतो.

खरा मुद्दा मात्र तुटण्याचा. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटते, माणूस जायबंदी होतो. दोरात ऊर्जा कमी साठते, पण म्हणून तो निर्धोक नाही: हूक किंवा शॅकल (जोडणीची धातूची कडी) सुटून आला तर तोही जीवघेणाच. तेव्हा तार असो की दोर, ताणल्यावर त्यावर जाड कापड किंवा डँपर (उसळी दाबणारं वजनदार आच्छादन) टाका आणि माणसं लांब ठेवा.

दोराचे नखरेही आहेत. ऊन, खडकाची धार आणि धाग्यांत शिरलेली वाळू त्याला खाते. विंचचा ब्रेक त्याच्या ड्रमच्या आत असेल तर गाडी उतारावर सोडताना ड्रम तापतो आणि दोर वितळू शकतो. दोर विंचमधून बाहेर येतो तिथले, तारेने चरे पाडलेले जुने रोलर तर बदलाच. त्यांच्या जागी गुळगुळीत ॲल्युमिनियम फेअरलीड (दोराला वाट देणारी चौकट) बसवा.

तार गंजते, तिचे तुटके काटे हातमोज्यातूनही टोचतात. तरी रोज खडकाळ खाणीत काम असेल तर मी तारच घेईन. हौशी ऑफरोडिंगला दोर, आणि वापरानंतर तो गोड्या पाण्याने धुण्याची तयारी.