वायरविना पेसमेकर ‘मायक्रा’: बसतो झटपट, पण बॅटरी संपल्यावर?

नेहमीच्या पेसमेकरमध्ये बहुतेक वेळा कुरकुर करते ती वायर. खांद्याजवळ कातडीखाली बॅटरीची डबी आणि तिथून शिरेवाटे हृदयात उतरलेल्या एक-दोन वायरी, असा तो संच. हात हलतो तशी वायर वाकते; वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते, नाहीतर वरचं आवरण झिजतं. डबीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, सगळा संच काढावा लागतो. जुनी वायर शिरेला आणि हृदयाला चिकटून बसलेली असते. ती सोडवताना शीर फाटू शकते.

मेडट्रॉनिक कंपनीच्या मायक्राने डबी आणि वायर दोन्ही काढून टाकल्या. अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मंजुरी २०१६ची. लांबी सुमारे २६ मिमी, वजन २ ग्रॅमच्या आत. मोठ्या कॅप्सूलएवढा ऐवज, तो पूर्णच हृदयात राहतो.

जांघेतल्या शिरेतून साधारण ९ मिमी जाडीची नळी वर नेतात. पेसमेकरच्या टोकाचे निटिनॉल या लवचिक मिश्रधातूचे चार आकडे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याच्या स्नायूत रुततात. मग डॉक्टर पेसमेकरला अडकवलेला दोरा हलकेच ओढून एक्स-रेच्या पडद्यावर बघतात: चारपैकी निदान दोन आकड्यांनी पकड घेतलेली हवी. पुढची तपासणी व्होल्टेजची. हृदयाचा ठोका पडायला ०.२४ मिलिसेकंदाच्या विजेच्या झटक्याला १ व्होल्ट किंवा त्याहून कमी लागला तर उत्तम. दोरा कापून टाकतात. जास्त लागला तर बॅटरी लवकर आटणार, म्हणून जागा बदलायची. पण दर नव्या टोचणीगणिक हृदयाच्या भिंतीला भोक पडायचा धोका वाढतो, त्यामुळे ‘अजून एकदा बघू’ किती वेळा म्हणायचं यात डॉक्टरचा हात कळतो.

भोक क्वचितच पडतं. पण पडलं तर वायरवाल्या पेसमेकरपेक्षा प्रकरण जास्त गंभीर होतं, असा इशारा एफडीएने २०२१ मध्ये दिला होता. पंच्याऐंशीच्या पुढचं वय, फार सडपातळ अंग, फुप्फुसाचा जुना आजार असेल तर हृदयशस्त्रक्रियेची सोय त्याच इमारतीत आहे का, हे आधी विचारा.

बॅटरीचा कंपनीचा अंदाज पहिल्या मॉडेलसाठी सुमारे १२ वर्षांचा. तोवर यंत्राभोवती शरीराचं आवरण चढलेलं असतं, म्हणून सहसा जुना बंद करून तिथेच ठेवतात आणि शेजारी नवा बसवतात. ऐंशीच्या माणसाला हा प्रश्न बहुधा पडणारच नाही. पंचेचाळिशीतल्याला नक्की पडावा. ॲबॉट कंपनीचा ‘अ‍ॅव्हेर’ (मंजुरी २०२२) स्क्रूसारखा फिरवून बसतो आणि पुढे काढता यावा अशाच बेताने केलेला आहे. तरुण रुग्णासाठी आमचं मत त्याच्या बाजूने.

वरचे कप्पे कायमचे अनियमित थरथरतात आणि ठोके मंद पडतात, अशांना मूळ मायक्रा चपखल बसतो. वरच्या कप्प्यालाही चालना हवी असेल तर तो कामाचा नाही. तिथे वायरवाला दोन कप्प्यांचा पेसमेकर किंवा २०२३ मध्ये आलेला अ‍ॅव्हेरचा जोडसंच (दोन्ही कप्प्यांत एकेक यंत्र). उजव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या जागी धातूची कृत्रिम झडप असेल तर वाटच बंद.

लोक घाबरतात ते भलत्याच गोष्टींना. चालू स्थितीतल्या मायक्रोवेव्हने काही होत नाही. हॅकिंगचं म्हणाल तर २०१७ मध्ये ॲबॉटच्या वायरवाल्या पेसमेकरमध्ये खरंच फट सापडली होती; अमेरिकेतली ४ लाख ६५ हजार यंत्रं त्या यादीत होती. कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती आणि दवाखान्यात सुमारे तीन मिनिटांच्या सॉफ्टवेअर अपडेटने काम भागलं. मोबाइल मात्र डबीपासून १५ सेंटीमीटर लांब ठेवायचा, कारण त्यातल्या चुंबकाने पेसमेकर ठरावीक गतीवर अडकू शकतो.

मायक्रात चुंबक ओळखणारा सेन्सरच नाही, म्हणून ही कटकट नाही. पण तोटाही त्यातलाच: पुढे दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं आणि विजेच्या चटक्याने रक्तस्राव थांबवायचा असेल, तर वायरवाल्यासारखं छातीवर चुंबक ठेवून भागणार नाही. प्रोग्रामर (पेसमेकरची सेटिंग बाहेरून बदलणारं यंत्र) घेऊन माणूस आधी बोलवावा लागतो, तेव्हा इम्प्लांट कार्ड, म्हणजे बसवलेल्या यंत्राची माहिती असलेलं कार्ड, भूल देणाऱ्या डॉक्टरला आदल्या दिवशीच दाखवा.