सर्वाधिक मते की प्रमाणशीर वाटा?

लोकसभेसाठी आपण वापरतो ती सर्वाधिक मतांची पद्धत सोपी आहे आणि पुण्याचा खासदार कोण, हे मतदाराला नेमके ठाऊक असते. परंतु २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, तर बसपाला सुमारे ४ टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. प्रमाणशीर पद्धतीत मतांच्या वाट्याइतक्या जागा मिळतात, मात्र आघाड्या बहुधा अटळ होतात आणि उमेदवारयादी पक्षश्रेष्ठींच्या हाती जाते. न्यूझीलंडने १९९६ पासून मतदारसंघ आणि पक्षयादी यांची सांगड घातली, म्हणजे काही खासदार मतदारसंघातून तर काही पक्षांच्या यादीतून येतात; मला तीच वाट अधिक पटते.